वाळूवरचे नगर

यात्रा, अधिवेशने व क्रीडास्पर्धा यांसाठी माणसे थोड्या काळापुरती एकत्र येतात; परंतु त्यांच्या गरजा नित्याच्याच असतात. निवारा, अन्न, पाणी आणि शौचाची सोय पुरवावीच लागते. लोक परतल्यावर या सोयींचे अवशेष कोठे जातात, यावरून असा मेळा त्या भूमीला पुनःपुन्हा पेलवेल की नाही, हे ठरते. प्रयागचा कुंभमेळा हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

गंगा-यमुनांच्या संगमाजवळील मेळ्याची बरीचशी जागा पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली असते. पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडलेल्या वाळूवर नगराची आखणी होते. २०१३ साली या नगराने सुमारे १,९०० हेक्टर जागा व्यापली होती. २०२५ साली सुमारे ४,००० हेक्टर. वाहनांची चाके रुतू नयेत म्हणून वाळूवर जाड लोखंडी पत्रे अंथरतात. प्रवाहावर पोकळ लोखंडी पिपांचे तरते पूल बांधतात. २०२५ साली असे ३० पूल होते. पुढचा पूर येण्यापूर्वी हे सारे उचलावेच लागते. म्हणून येथे उभारणीच्या वेळीच उकलणीचा विचार केलेला असतो. पत्रे, पिपे, बांबू व तंबू सोडवून ठेवले की पुन्हा उपयोगी पडतात. पक्क्या बांधकामात खर्ची पडणारी सामग्री त्यामुळे वाचते.

परंतु जे उचलून ठेवता येत नाही, त्याचे काय? एक माणूस दिवसाकाठी सरासरी सव्वाशे ग्रॅम मल व सुमारे १.४ लिटर मूत्र विसर्जित करतो. दहा लक्ष लोक एक दिवस राहिले, तर १२५ टन मल व १४ लक्ष लिटर मूत्र साचते. वाळूतून पाणी सहज झिरपते. म्हणून हा मैला बंदिस्त टाक्यांत साठवून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेणे आवश्यक ठरते. २०२५ साली सुमारे दीड लक्ष शौचालये उभारण्यात आली होती.

स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या २,५०० हून अधिक नसावी, असा भारतात दंडक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे ठेवलेल्या अहवालात, अनेक ठिकाणी वेळोवेळी ही मर्यादा ओलांडली गेल्याचे नमूद होते. त्याच मंडळाच्या नंतरच्या अहवालात, सर्व नमुन्यांच्या सांख्यिकीय विश्लेषणावरून पाणी स्नानयोग्य ठरविण्यात आले. मात्र निरनिराळ्या स्थळी व दिवशी घेतलेल्या नमुन्यांत फार तफावत असल्याचेही त्यात म्हटले होते. यावरून एक गोष्ट उघड होते: सरासरी निर्दोष असली, तरी एखाद्या घाटावर एखाद्या दिवशी उतरणाऱ्याला तेवढ्याने संरक्षण मिळत नाही. मापन वारंवार व ठिकठिकाणी व्हावे आणि त्याचे निष्कर्ष स्नानापूर्वीच लोकांना कळावेत, हेच श्रेयस्कर.

हाच नियम शाळेच्या स्नेहसंमेलनासही लागू पडतो. मंडप भाड्याचा असेल, तर तो परत जातो. पानांच्या पत्रावळी खतात जिरतात. धातूची ताटे धुऊन पुन्हा वापरता येतात. प्लॅस्टिकचे पेले मात्र मागे उरतात. म्हणून आणावयाच्या वस्तूंची यादी करतानाच प्रत्येकीपुढे तिचे परतीचे ठिकाण लिहावे. ज्या वस्तूपुढे ती जागा रिकामी राहील, तिच्याऐवजी दुसरी शोधावी.