कृत्रिम पावसाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. सरकारी पैशातलं संशोधन पुढे कशाने सरकतं, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. मंजूर रक्कम म्हणजे हिशेब नव्हे. मे २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम पावसासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्टमध्ये आमच्याच विमानतळावरून विमान उडालं. ३० कोटींचा आकडा माझ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता. पण किती ढगांत रसायन सोडलं, कोणते ढग तुलनेसाठी मोकळे ठेवले, हे विचारलं की वर्ग गप्प.

२. खर्च मोजला की पुढची वाट दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरजवळ हाच प्रयोग शास्त्रीय शिस्तीने केला. काही ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेअर जाळले, काहींना हातही लावला नाही, मग पाऊस मोजला. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे १८ टक्के जादा पाऊस, तोही ठरावीक पट्ट्यात आणि योग्य ढग असतील तरच. त्याहून मला मोलाचं वाटलं ते पाण्याच्या खर्चाचं गणित, लिटरमागे साधारण १८ पैसे. विमान देशी वापरलं तर हा खर्च निम्म्याहून खाली येईल, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे कशावर काम करायचं ते देशातल्या इंजिनिअरांना नेमकं कळलं. नुसत्या ३० कोटींतून हे कधीच कळलं नसतं.

३. फसलेल्या प्रयोगाचाही खर्च छापा. नाहीतर पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पुन्हा पैसे ओततो.

४. माहिती अधिकारात मोघम विचारू नका. दहा रुपयांच्या अर्जात उड्डाणांची नोंदवही मागा, मोजमापं मागा, खरेदीचे तपशील मागा. खरं तर कायद्याचं कलम ४ सांगतं की बरीचशी माहिती कार्यालयाने न मागता द्यावी.

५. हाच नियम मोठ्या प्रकल्पांनाही लावा. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोची निरीक्षणं जगातला कोणताही विद्यार्थी फुकट उतरवून घेऊ शकतो. इथल्या खरेदीचे तपशीलही तसेच उघडे असले, तर आमच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतला कारखानदार सुटे भाग बनवायला पुढे येईल. मराठवाड्यातल्या प्राध्यापकांनी आणि उद्योजकांनी हे तपशील आजपासूनच मागायला हवेत.