लपलेला रंग

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो आणि बेनिन या देशांत एक लहान अजगर आढळतो. तो बिनविषारी व स्वभावाने भित्रा असतो. संकट जवळ आले, की तो आपले डोके मध्यभागी लपवून अंगाचे चेंडूसारखे वेटोळे करतो. म्हणून त्याला ‘बॉल पायथन’, म्हणजेच चेंडू-अजगर, असे म्हणतात. त्याच्या गडद तपकिरी अंगावर फिकट ठिपके असतात.

क्वचित एखादे पिल्लू मात्र पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे व तांबड्या डोळ्यांचे निपजते. त्याच्या शरीरात काळे रंगद्रव्य तयारच होत नाही. असा पिवळा नर आणि नेहमीच्या रंगाची शुद्ध वंशाची मादी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्ले तपकिरी होतात. पित्याचा रंग जणू नाहीसा होतो! परंतु ही तपकिरी पिल्ले मोठी होऊन त्यांच्याच दोघांची जोडी लावली, की अंड्यांतून पुन्हा एखादे पिवळे पिल्लू डोके बाहेर काढते. मधल्या पिढीत हा रंग कोठे होता बरे?

या कोड्याचे उत्तर एका मठाच्या बागेत सापडले होते. ब्रुन, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, या गावी ग्रेगोर मेंडेल नावाचे धर्मगुरू राहत. त्यांनी १८५६ पासून काही वर्षे वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग केले. गोल दाण्यांच्या व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वेलींचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत मात्र ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले दाणे भरले. म्हणजे सुमारे तिनास एक. मेंडेल यांचा निबंध १८६६ साली छापला गेला. पण फारच थोड्यांनी त्याची दखल घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९०० साली, जगाला त्याचे मोल कळले.

मेंडेल यांचा नियम असा : प्रत्येक गुणासाठी जिवाजवळ दोन घटक असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. जो गुण एकाच जनुकाने प्रकट होतो तो प्रभावी. जो दोन्ही जनुके सारखी असतील तेव्हाच प्रकट होतो तो अप्रभावी. अजगराचा पिवळा रंग अप्रभावी आहे. मधल्या पिढीत तो नष्ट झाला नव्हता. तपकिरी रंगाआड लपला होता. अशा दोन अजगरांच्या प्रत्येक पिल्लाला पिवळे होण्याची संधी चारांत एक असते. मात्र हा संभवाचा हिशेब आहे. नाणे चार वेळा उडवले म्हणजे दोनदाच छाप पडते असे नाही. तसेच चार अंड्यांतून एकही पिवळे पिल्लू न निघणे शक्य आहे.

प्रभावी म्हणजे श्रेष्ठ, असे मात्र समजू नका. ‘स्पायडर’ नावाच्या चेंडू-अजगरावर कोळ्याच्या जाळ्यासारखी सुंदर नक्षी असते. हा गुण प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. पण त्याच जनुकामुळे सापाच्या शरीराचा तोल बिघडतो. त्याची मान डोलते व भक्ष्यावरचा नेम चुकतो. नक्षी ठेवून हा दोष काढून टाकणे कोणासही साधलेले नाही. म्हणून कित्येक जाणकारांनी या प्रकाराची पैदास सोडून दिली आहे.

कोणता गुण पुढे येईल, हे जनुकांचा नियम सांगतो. तो पुढे आणावा की नाही, हे मात्र माणसानेच ठरवायचे असते. आणि ते ठरवताना ज्या मुक्या जिवाला तो गुण जन्मभर वागवायचा आहे, त्याचा विचार आधी केला पाहिजे.

स्वाध्याय
१. चेंडू-अजगर हे नाव कशावरून पडले?
२. पिवळ्या अजगराची पिल्ले तपकिरी झाली, तरी त्याचा रंग नष्ट झाला नाही, असे का म्हणता येते?
३. ‘प्रभावी म्हणजे श्रेष्ठ नव्हे’ हे पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.