वाचायच्या राहून जाणाऱ्या ओळी : साध्या रक्ततपासणीतून हार्ट फेल्युअरमधील धोक्याचा अंदाज

गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांना एक दृश्य परिचित आहे. रुग्ण येतो, त्याच्या किंवा सोबतच्या मुलाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी असते. तिच्यात जुने ई.सी.जी., एखादा एको, सिव्हिलचे किंवा स्मीमेरचे केसपेपर आणि पाच-सहा रक्त-अहवाल घडी करून कोंबलेले असतात. आपण एको शोधून काढतो, इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा पाहतो, रक्त-अहवालातील हिमोग्लोबिनवर नजर टाकतो आणि बाकीचे कागद पुन्हा पिशवीत जातात. प्रस्तुत लेख त्या परत गेलेल्या कागदांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. मूळचे धुळे जिल्ह्यातले, लूमच्या खात्यात आयुष्य गेलेले. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. औषधांनी पायांवरची सूज ओसरली होती, जिना चढता येत होता, प्रसन्न दिसत होते. हिमोग्लोबिन १०.४ होते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि गावी पुतणीच्या लग्नाला जाण्यास हरकत नाही असे सांगितले. भुसावळच्या गाडीत सारखे उठावे लागू नये म्हणून त्यांनी लघवीची गोळी दोन दिवस घेतली नाही, हे मागाहून समजले. बाराव्या दिवशी मुलाचा फोन आला. गृहस्थ गेले होते. त्या रात्री मी माझ्या फाइलमधील त्यांचा शेवटचा अहवाल काढून पाहिला. आर.डी.डब्ल्यू. १८.२, ब्लड युरिया ९६, क्रिएटिनिन १.९, सोडियम १२९. रक्तदाब १०६/७० हा तर मीच माझ्या हाताने लिहिला होता. सर्व काही कागदावर होते. मी हिमोग्लोबिनपाशी थांबलो होतो.

हे आकडे वाचले असते तर ते वाचलेच असते, असा दावा मी करणार नाही. परंतु प्रवासाची परवानगी मी इतक्या सहज दिली नसती, हे निश्चित.

प्रथम युरियाचा विचार करू, कारण अमेरिकेतील ‘अ‍ॅडहिअर’ या मोठ्या नोंदवहीने त्याला अनपेक्षित मान मिळवून दिला. रुग्णालयात दाखल झालेल्या पासष्ट हजारांवर रुग्णांच्या नोंदींवर आधारित हे विश्लेषण २००५ साली प्रसिद्ध झाले. एकोणचाळीस घटक तपासून त्यातून तीनच निवडले गेले : बी.यू.एन., सिस्टॉलिक रक्तदाब आणि क्रिएटिनिन. बी.यू.एन. ४३ च्या खाली आणि रक्तदाब ११५ किंवा त्याहून अधिक असेल, तर रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे २ टक्के, बी.यू.एन. ४३ किंवा अधिक, रक्तदाब ११५ च्या खाली आणि क्रिएटिनिन २.७५ किंवा अधिक असेल, तर सुमारे २२ टक्के. म्हणजे दहापटीहून अधिक अंतर, आणि तेही कोणत्याही मोठ्या यंत्राविना.

येथे एक खाचखळगा आहे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा बी.यू.एन. देत नाहीत, ब्लड युरिया देतात. युरिया म्हणजे बी.यू.एन.च्या २.१४ पट. म्हणून ४३ ची सीमारेषा आपल्या अहवालात युरिया ९२ च्या आसपास येते. हे ध्यानात न घेता परदेशी तक्ता तसाच लावला, तर युरिया ५० असलेल्या माणसाला आपण विनाकारण घाबरवू. माझ्या उपरोक्त रुग्णाचा ९६ हा आकडा मात्र सीमेपलीकडचाच होता. तो दाखल रुग्ण नव्हता, त्यामुळे टक्केवारी त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही दिशा स्पष्ट होती. युरिया इतका बोलका का, याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रात आहे. हृदयाचा प्रवाह घटला की व्हॅसोप्रेसिन आणि रेनिन-अ‍ॅन्जिओटेन्सिन यंत्रणा जागी होते, मूत्रपिंड पाणी आणि त्यासोबत युरियाही परत शोषते. क्रिएटिनिन गाळणक्षमता सांगते. युरिया त्याखेरीज शरीर किती धास्तावले आहे तेही सांगतो.

त्याच व्हॅसोप्रेसिनमुळे सोडियम उतरते. हार्ट फेल्युअरमधील १३५ च्या खालचे सोडियम म्हणजे बहुधा मिठाची टंचाई नव्हे, पाण्याचा अतिरेक होय. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण ‘सोडियम कमी आहे’ एवढे शब्द ऐकताच घरची मंडळी मीठ-साखरेचे पाणी, खारट ताक, ओ.आर.एस. सुरू करतात. सुरतेचा उन्हाळा त्याला निमित्त पुरवतो. आठवड्याने रुग्ण घोट्यापासून मांडीपर्यंत सुजून परत येतो. थायझाइड चालू आहे का, उलट्या-जुलाब झाले आहेत का, हे अर्थातच आधी विचारावे. तसे काही नसेल, तर पाणी आवरणे आणि उपचारांची फेरआखणी हाच मार्ग. १९८६ सालीच ली आणि पॅकर यांनी दाखवून दिले होते की, कमी सोडियमचे रुग्ण अधिक गंभीर असतात.

आता सी.बी.सी.कडे वळतो. आर.डी.डब्ल्यू. म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारातील विषमतेचे मोजमाप, सर्वसाधारणपणे ११.५ ते १४.५ टक्के. काउंटर यंत्र ते फुकट छापून देते आणि आपण ते फुकटच घालवतो. २००७ साली फेल्कर आणि सहकाऱ्यांनी ‘चार्म’ अभ्यासातील २६७९ रुग्णांच्या ३६ प्रयोगशाळा-चाचण्या पडताळल्या. मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे यांच्याशी सर्वाधिक निगडित ठरली ती आर.डी.डब्ल्यू. पुढील अनेक अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. दाह, लोहाचा बिघडलेला वापर, मूत्रपिंडाचा ऱ्हास या सर्वांची सावली त्या एका आकड्यात पडते, असे मानले जाते.

परंतु आपल्या भागात हा आकडा डोळे झाकून वापरता येणार नाही. आपल्याकडे येणाऱ्यांत नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा येथील भिल्ल व पावरा बांधव आहेत, तसेच दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामित, वसावा आहेत. या समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल आजारात, त्याचप्रमाणे साध्या लोहकमतरतेत आणि नुकत्याच दिलेल्या रक्तानंतरही आर.डी.डब्ल्यू. वाढते. म्हणून मी एम.सी.व्ही. शेजारी ठेवूनच ते वाचतो, शंका आल्यास हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करवतो. आणखी एक : आर.डी.डब्ल्यू. ही धोक्याची खूण आहे, उपचाराचे लक्ष्य नव्हे.

लोहाच्या गोळ्यांबाबत माझी चूक दुहेरी होती. हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, अशी धरली जाते. हिमोग्लोबिनवरून ती ठरत नाही. ‘आयर्नआउट’ (२०१७) अभ्यासात तोंडाने दिलेल्या लोहाने व्यायामक्षमता वाढली नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र ‘फेअर-एच.एफ.’ (२००९) मध्ये लक्षणे सुधारली. काही रुग्णांत हिमोग्लोबिन केवळ पाण्याने विरळ झालेले असते, तेथे गोळी निरर्थकच.

अल्ब्युमिन, बिलिरुबिन, युरिक अ‍ॅसिड, लिम्फोसाइटची टक्केवारी हीदेखील भाकीत करणारी मापे आहेत. २००६ सालच्या ‘सिअ‍ॅटल मॉडेल’मध्ये त्यांतील शेवटची दोन हिमोग्लोबिन, सोडियम आणि कोलेस्टेरॉलसह समाविष्ट आहेत. गंमत अशी की, तेथे कमी कोलेस्टेरॉल हे वाईट लक्षण ठरते, कारण ते झिजत चाललेल्या शरीराचे द्योतक असते. एन.टी.-प्रो-बी.एन.पी. या सर्वांहून सरस आहे, यात दुमत नाही. ज्याला परवडते त्याला मी ती सांगतोच. परंतु दर तीन महिन्यांनी ती करा असे रोजंदारीवरील माणसाला सांगणे मला जमत नाही. सी.बी.सी., युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम एवढे मात्र त्याच्याकडून होते.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते. एसीई-इनहिबिटर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा एस.जी.एल.टी.-२ गटातील औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते. मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, रुग्ण बरा असल्यास, सहसा सोसावी. ती पाहून घाईने औषध बंद करणे म्हणजे आयुष्य वाढवणारी गोष्टच काढून घेणे होय. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले की स्पिरोनोलॅक्टोनची मात्रा निम्मी करावी, ६ च्या वर ते थांबवावे.

हे सारे कोणासाठी, असा प्रश्न पडल्यास भारतीय हार्ट फेल्युअर नोंदवहीकडे पाहावे. ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्ण. सरासरी वय साठीच्या आत. नव्वद दिवसांत मृत्यू १४.२ टक्के. पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा आपला रुग्ण सुमारे दहा वर्षांनी तरुण आहे, घर चालवणारा आहे.

आता मी प्रत्येक हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी केसपेपरच्या मागील बाजूस पाच रकाने आखतो आणि तारखेसह आकडे स्वतः लिहितो. एकटा आकडा फारसा बोलत नाही. युरिया ४२, ५८, ७९ असा ओळीने चढताना दिसला, तर सूज नसली तरी मी रुग्णाला आठवड्यात परत बोलावतो, वजन रोज लिहायला सांगतो, हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो. लग्नसराईत गावी जाणाऱ्यास शेवटचा अहवाल पाहिल्याखेरीज होकार देत नाही, आणि गाडी दुपारची असेल तर लघवीची गोळी चुकवू नका, पहाटे घ्या, हे त्याच्या मुलाला समोर बसवून सांगतो.