एका मेंदूत ‘मी’ किती?

‘आत्मा नाही, तर मग मी म्हणणारा कोण?’ हा प्रश्न धम्मवर्गात विद्यार्थी हमखास विचारतात. मेंदूविज्ञानातील काही प्रयोग या प्रश्नाच्या अगदी जवळ जातात.

मेंदूचे डावा व उजवा असे दोन गोलार्ध असतात. कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे २० कोटी तंतूंचा पूल त्यांना जोडतो. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या काही रुग्णांचा हा पूल शस्त्रक्रियेने छेदण्यात आला. ही माणसे नंतरही वरकरणी पूर्वीसारखीच वागत. परंतु १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी व मायकेल गॅझानिगा यांनी त्यांना तपासले, तेव्हा एका गोलार्धाला दाखवलेले चित्र दुसऱ्याला ठाऊक नसल्याचे आढळले. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे अशाच एका रुग्णाच्या डाव्या, बोलणाऱ्या गोलार्धाला कोंबडीचा पंजा आणि उजव्याला बर्फाचे दृश्य दाखवले गेले. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली, तर डाव्या हाताने फावडे. ‘फावडे कशासाठी?’ असे विचारताच तो म्हणाला, खुराडे साफ करायला. बर्फ पाहणारा गोलार्ध बोलू शकत नव्हता. बोलणाऱ्याने न कळलेले कारण पूर्ण विश्वासाने रचले.

मग जाणिवा दोन झाल्या काय? स्पेरी यांचे उत्तर ‘होय’ असे होते. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी वेगळे मत मांडले. त्यांचे रुग्ण कोणत्याही बाजूला दाखवलेली वस्तू दिसल्याचे दोन्ही हातांनी किंवा बोलून सांगू शकत. दोन बाजूंच्या वस्तूंची तुलना मात्र त्यांना जमत नसे. म्हणून आकलन दुभंगते, जाणीव नव्हे, असे ते म्हणतात. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भन्ते नागसेन राजा मिलिंदाला विचारतात : चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? भाग विशिष्ट रीतीने जुळले की त्यांना ‘रथ’ म्हणतात; ‘मी’ हेही तसेच पंचस्कंधांना दिलेले नाव. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव लाभले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांचाही तो गौरव आहे.

या प्रयोगांनी धम्म सिद्ध झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. एवढे मात्र दिसते, की मनाचे एकपण जोडणीवर अवलंबून आहे. म्हणून पालकांनी पाल्यावर ‘डाव्या मेंदूचा’, ‘उजव्या मेंदूचा’ असे शिक्के मारू नयेत. निरोगी मेंदूत दोन्ही गोलार्ध सतत एकत्र काम करतात. आणि कात्रपच्या वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी भांडणानंतर आपण दिलेले कारण खरे की मागाहून रचलेले, हे शांतपणे तपासावे. सजगतेचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.