चित्र काढून पोट भरतं का? पालकसभेतल्या एका प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर



नववीच्या पालकसभेत एका मुलाचे वडील सगळे गेल्यावर मागे थांबले. मुलगा एलिमेंटरीला 'ए' ग्रेड मिळवलेला, शाळेचा फलक तोच सजवतो. वडील पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. म्हणाले, "बाई, पोरगं चित्रं चांगली काढतं हे मान्य. पण चित्र काढून पोट भरतं का? तुम्हीच त्याला समजवा."

मी काय उत्तर दिलं? "बघू, अजून दहावी आहे ना," असं काहीतरी. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणांना येतं? "छंद म्हणून ठीक आहे" हे आपलं ठरलेलं वाक्य, आणि "आवड असेल तर सगळं जमतं" हे त्याच्या उलटं, तेवढंच पोकळ वाक्य. दोन्हीत त्या वडिलांना हवी असलेली गोष्ट नाही. त्यांना हिशोब हवा होता.

रसायनीत हा प्रश्न वेगळ्या वजनाने येतो. या गावाचं नावच रसायनांवरून पडलेलं. १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स इथे आली आणि 'एचओसीत लागला' म्हणजे जन्माचं भलं झालं, असं दोन पिढ्यांनी मानलं. त्या मुलाचे आजोबा त्यातलेच. मग मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने एक प्रकल्प वगळता इथले प्रकल्प बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे 'पक्की नोकरी' हीसुद्धा एका कारखान्याच्या आयुष्याएवढीच पक्की असते, हे इथल्या माणसाला कुणी सांगायला नको. म्हणून तर कलेच्या नावाने तो जास्तच घाबरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग मी जरा शोधाशोध केली. लांब जावं लागलं नाही. चित्रकाराच्या धंद्याची मोठी उदाहरणं आपल्या आजूबाजूलाच आहेत.

खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला गेलात की पुण्याच्या बाजूचं पुढचं स्टेशन मळवली. इथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आठवा. त्यांचं मूळ तिथे आहे. रविवर्मा (१८४८–१९०६) त्रावणकोरचे, राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रं काढून मोठे झालेले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं काढली. ती पाहायला लोकांनी गर्दी केली, पण तैलचित्र विकत घेणं त्या गर्दीतल्या कुणालाच परवडणारं नव्हतं. मग चित्रं छापून स्वस्तात का विकू नयेत, असा विचार पुढे आला. १८९४ साली गिरगावात छापखाना सुरू झाला. 'शकुंतलाजन्म' हे तिथून निघालेल्या पहिल्या चित्रांपैकी.

ही छपाई कशी चालायची, हे मुलांना जरूर सांगा. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. चित्रातला लाल भाग एका दगडावर, पिवळा दुसऱ्यावर, आणि तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून अचूक बसवून काढायचा. केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर! यंत्रं परदेशी, कारागीर जर्मन. म्हणजे पहिलं चित्र विकलं जाण्याआधीच केवढा पैसा अडकला असेल, विचार करा.

त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. छापखाना शहराबाहेर हलवून शेवटी मळवलीला आणावा लागला. व्यवहार पाहायचे धाकटे भाऊ राजवर्मा, तेही स्वतः चित्रकारच, आणि दोघा भावांचा बराच काळ संस्थानिकांच्या कामांसाठी प्रवासात जायचा. छापखान्यात रोज बसणारा मालक कुठे होता? १८९९ पर्यंत कर्ज चांगलंच वाढलं होतं. १९०१ साली तो छापखाना त्यांच्याच पदरी असलेल्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला.

आता पुढचं बघा. तोच छापखाना, त्याच चित्रांवर, श्लायशर आणि त्याच्या वारसांनी १९७२ साली आग लागेपर्यंत चालवला. त्याने असं वेगळं काय केलं? देवादिकांच्या चित्रांबरोबर धंद्याची लेबलं आणि जाहिराती छापायला घेतल्या. तसबीर माणूस एकदा घेतो आणि वीस वर्षं भिंतीवर ठेवतो. लेबल दर महिन्याला लागतं. मला वाटतं, सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच. रविवर्म्यांकडे हात होता, नाव होतं, मागणीही होती. रोज येणारं लहानसहान काम मात्र नव्हतं.

याच्या उलट बाजूला मी दीनानाथ दलालांना ठेवते. मडगावचे, जन्म १९१६. दुसऱ्यांच्या पुस्तकांना त्यांनी ढिगांनी मुखपृष्ठं करून दिली, तुमच्या आजीच्या कपाटात एखादं नक्की सापडेल. पण १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. म्हणजे चित्र आपलं आणि ते जिथे छापलं जातं ती जागाही आपली. मुखपृष्ठांचं रोजचं काम चालू, आणि वर्षातून एकदा आपल्या मनासारखं काम लोकांसमोर. १९७१ मध्ये ते गेले तोवर 'दलालांची चित्रं' म्हणून मराठी घरात ओळख पक्की झाली होती.

आता एक अवघड उदाहरण. ते टाळावं असं वाटत होतं, पण आपल्याकडचं मूल ते टाळू शकत नाही. चौकहून कर्जतला जाताना डाव्या-उजव्या हाताला कुठे किल्ला दिसतो, कुठे महाल दिसतो, असं सांगत मुलं सहलीहून येतात ना, तो नितीन चंद्रकांत देसाईंचा एन. डी. स्टुडिओ. २००५ मध्ये उभा राहिला. देसाई जे. जे.त शिकलेले. 'लगान', 'देवदास' अशा चित्रपटांचे कला दिग्दर्शक, चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार. 'जोधा अकबर'चे भव्य सेट इथेच लागले. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीवर थकीत कर्जापोटी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २ ऑगस्टला त्यांनी तिथेच आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्या मनात काय होतं याचे तर्क मी करणार नाही, तुम्हीही वर्गात करू नका. मुलांनी विचारलंच, तर एवढं जरूर बोला की कर्ज हा हिशोबाचा विषय आहे, तो घरात बोलून दाखवता येतो, त्यात लाज नाही. हे वाक्य चित्रकार होणाऱ्या मुलालाच काय, सगळ्याच मुलांना कानावर पडलेलं बरं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक सारखेपणा दिसतो. मोठी जागा, मोठी यंत्रसामग्री, आणि काम येवो न येवो चालू राहणारा खर्च. चित्रकाराचा हात थांबला तर त्या दिवशीची कमाई थांबते, पण कर्जाचं व्याज थांबत नाही.

"म्हणजे धंदा करूच नये का बाई?" असं तुम्ही म्हणाल. थांबा, पेणला जाऊन येऊ.

रसायनीहून रोह्याच्या गाडीत बसलं की आपटा, जिते, हमरापूर आणि पेण. तासाभराच्या आतबाहेर. हमरापूर, जोहे, कळवे, पेण शहर, घराघरांत गणपतीचे कारखाने. आपल्या मुलांना वाटतं, हे काम श्रावणात सुरू होतं. छे! बाप्पा अनंत चतुर्दशीला गेले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाची माती मळायला घेतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जातात, त्यामुळे त्या कित्येक महिने आधी तयार लागतात. काही कारखाने रंग न दिलेल्या मूर्ती घाऊक विकतात, म्हणजे पैसा लवकर मोकळा होतो. काही रंगवून विकतात, तिथे नफा जास्त पण पैसा अडकून राहतो. कामाचीही वाटणी असते. साचा भरणारा वेगळा, घासकाम करणारा वेगळा, आणि डोळ्यांची आखणी करणारा सगळ्यात मानाचा. डोळे बिघडले तर मूर्ती बिघडली, म्हणून त्या हाताला मोल. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नियमांवरून गेली काही वर्षं या लोकांची चांगलीच ओढाताण झाली आहे, तेही सांगायला हवं. सगळं गोड नाही. पण एक अख्खा तालुका पिढ्यान् पिढ्या हातातल्या कलेवर जगतो आहे, आणि आपण पंचवीस-तीस किलोमीटरवर बसून "पोट भरतं का" विचारतो आहोत.

आता हिशोबाकडे. तो मी वर्गातच करून घेतला, आणि तुम्हीही करून बघा. गणिताच्या तासाला चालतो.

शाळेच्या 'बोलक्या भिंती' आपल्याला ठाऊक आहेत. समजा १० फूट बाय ८ फुटांची भिंत रंगवायची, ८० चौरस फूट. मी मुलांना विचारलं, किती घ्याल? आपला 'ए' ग्रेडवाला म्हणाला, "दोन हजार." वर्गाला ते खूप वाटले.

मग फळ्यावर मांडलं. रंग आणि प्रायमर १,८०० रुपये धरा. जाणंयेणं २००. ब्रशची झीज १५०. झाले २,१५०. म्हणजे दोन हजारांत त्याने स्वतःच्या खिशातले १५० घालून भिंत रंगवली! मजुरी कुठे आहे? चित्र ठरवायला एक दिवस, रंगवायला तीन, असे चार दिवस. दिवसाला ७०० धरले तर २,८००. एकूण ४,९५०, म्हणजे चौरस फुटाला सुमारे ६२ रुपये.

इथे बहुतेक मोठी माणसंही थांबतात. पण पुढचा प्रश्न विचारा: महिन्यात अशी कामं किती दिवस मिळतील? मुलं म्हणाली, बारा दिवस. बारा गुणिले ७०० म्हणजे ८,४००. त्यात घर चालेल? घराला १८,००० लागतात असं धरलं, तर कामाच्या बारा दिवसांतल्या प्रत्येक दिवसाला १,५०० पडायला हवेत. मग चार दिवसांचे ६,००० अधिक २,१५०, म्हणजे ८,१५०. चौरस फुटाला १०२ रुपये. रिकाम्या दिवसांचे पैसेही भरलेल्या दिवसांनीच कमवायचे असतात, हे लक्षात आल्यावर वर्ग चक्क शांत झाला. (आकडे आम्ही धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही धरा.)

मीही शांत झाले, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. एका माजी विद्यार्थ्याकडून मी स्नेहसंमेलनाचा अख्खा पडदा रंगवून घेतला होता. रंगाचे पैसे दिले, वर नारळ आणि गुलाबाचं फूल. "तुझीच शाळा आहे रे!" तो काही बोलला नाही. मंडपवाल्याचं बिल मात्र मी त्याच आठवड्यात चुकतं केलं होतं. कलेला किंमत नाही हे मुलं बाजारात जाऊन शिकत नाहीत हो, आमच्याकडूनच शिकतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण एक मेख आहे: कुणी पैसे देऊन मागणीवरून पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला हक्कदार मागणी करणारा ठरतो. म्हणून कामाआधी एक साधा कागद करावा. चित्र कशासाठी वापरणार, किती वर्षं, मूळ चित्र कुणाकडे राहणार. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. मराठीत, चार ओळीत लिहिलं तरी चालतं. आगाऊ रक्कम घ्यावी. सूक्ष्म उद्योगाची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

शिक्षणाचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग फाउंडेशन, एटीडी, किंवा बारावीनंतर सीईटी देऊन चार वर्षांची बीएफए पदवी. १८५७ साली सुरू झालेलं जे. जे. मुंबईतच आहे, पनवेलहून लोकल मिळते. उपयोजित कला घेतली की काम लवकर मिळतं असं म्हणतात. मी मात्र मुलाचा कल बघावा म्हणेन. आखणी कर म्हटल्यावर कुणाचे डोळे चमकतात आणि अक्षरं काढ म्हटल्यावर कुणाचे, हे आपल्याला वर्गात दिसतं.

त्या वडिलांना मी पुन्हा बोलावलं. हिशोबाची वही पुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, १०२ च्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढे कोण देणार बाई?" मी म्हटलं, "सगळे नाही देणार. म्हणून बाराच दिवस धरलेत." ते हसले. इंटरमिजिएटचा फॉर्म त्यांनी घरी नेला आहे. सही करून अजून आलेला नाही. दरम्यान वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलंय, आणि यंदा पडदा रंगवणाऱ्या त्या माजी विद्यार्थ्याकडून मी आधी दर मागवला आहे.