दळणाआधी निवड

आपल्या शिरूर अनंतपाळ भागात भाकर ज्वारीची. तरी मकाही घरात येतो. कोणी पेरतो, कोणी बाजारातून आणतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसे भिजतात. ओली कणसे ढीग घालून ठेवली की त्यांना बुरशी लागते. घरधनी म्हणतो, "पिकलेलं टाकायचं कसं? दळून खाऊ."

त्याचे म्हणणे खोटे नाही. घामाचे धान्य कोण टाकील? पण सगळे टाकायचे नाहीच. वाईट तेवढे काढायचे. का काढायचे, ते ऐका.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि शेजारी राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यात असाच अवकाळी पाऊस झाला. मका भिजला. गरिबांजवळ दुसरे धान्य नव्हते. त्यांनी तोच मका कित्येक आठवडे खाल्ला. माणसांना कावीळ झाली. पोटात पाणी झाले. शंभराहून जास्त माणसे दगावली. घरची कुत्रीही मेली. तपास केला, तेव्हा मक्यात बुरशीचे विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृत बिघडवते.

या विषाला चव नाही, वास नाही. भाकर कितीही भाजा, ते जात नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. हे विष सगळ्या दाण्यांत सारखे नसते. थोड्याच दाण्यांत पुष्कळ असते. ते दाणे एकदा दळले, की विष सगळ्या पिठात मिसळते. मग ते काढता येत नाही. म्हणून निवड दळणाआधीच करायची.

ती अशी करू :

१. सोलण्याआधी कणसे पाहू. बुरशीचे, किडीने खाल्लेले कणीस बाजूला काढू.

२. कणसे माळवदावर किंवा ताडपत्रीवर वाळवू. ओल्या मातीवर टाकायची नाहीत.

३. दाणे सुपाने पाखडू. हलके दाणे आणि भुसा निघून जाईल.

४. मग उजेडात बसून निवडू. काळे, हिरवट, फुटके, किडके, सुरकुतलेले दाणे काढू.

५. कोरड्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवू. मीठ काचेला चिकटले, तर दाणे अजून ओले आहेत. पुन्हा वाळवू, मगच पोत्यात भरू.

६. पोते भुईवर नको, फळीवर ठेवू.

काढलेले दाणे कोंबड्यांना किंवा म्हशीला घालायचे नाहीत. कोंबड्या मरतात. म्हशीच्या दुधातून विष आपल्याच लेकरांच्या पोटात जाते. ते दाणे खड्ड्यात पुरावे.

निवडीने सगळेच विष जाते असे नाही. पण पुष्कळ कमी होते. पोतेच बुरशीने भरले असेल, तर ते खाऊ नये. भुईमुगाच्या दाण्यांनाही हाच नियम.

सूप घरात आहे. हात आपले आहेत. खर्च काही नाही. फक्त घडीभर बसायचे आहे.

सांगा पाहू :
१. निवड दळणाआधी का करायची?
२. मीठ काचेला चिकटले तर काय समजायचे?
३. काढलेले दाणे म्हशीला का घालू नयेत?