व्यवसायनिवड आणि नववीतील एक तपासणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या दवाखान्यांत येणारे पालक औषधापेक्षा सल्ल्यासाठीच अधिक येतात. "डॉक्टरसाहेब, याला पुढे काय करू द्यावे?" हा प्रश्न धार-देवासच्या मराठी घरांतून आपण सर्वांनीच ऐकला आहे. गुण, शुल्क, वसतिगृह, कोट्याला पाठवावे की इंदूरला, या सर्वांचा ऊहापोह झालेला असतो. मुलाच्या प्रकृतीचा विचार मात्र सर्वांत शेवटी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत आणि तोही परक्या डॉक्टरकडून होतो. हा क्रम उलटा करणे आपल्या हाती आहे.

काही वर्षांपूर्वी मांडूच्या एका शालेय तपासणी शिबिरात बारावीतील मुलगा भेटला. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ साली झाली, तेव्हापासून आपल्याकडील मुलांना इंजिनचालक होण्याची स्वप्ने पडू लागली आहेत. याचेही तेच ठरले होते: बारावीनंतर आयटीआय, मग सहायक लोको पायलटची परीक्षा. सहज म्हणून इशिहाराचे पुस्तक पुढे केले. पहिल्या तक्त्यावरील १२ हा आकडा त्याने वाचला, कारण तो सर्वांनाच दिसतो; पुढे मात्र ठिपक्यांखेरीज त्याला काही दिसेना. आई शेजारीच होती. मामा मिरचीच्या तोडणीत लाल-हिरवी एकत्र करतात म्हणून घरात त्यांची वर्षानुवर्षे थट्टा होत असे, हे तिनेच सांगितले.

लाल-हिरव्या रंगांधत्वाचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असल्यास प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांकडून मुलग्याकडे तो जात नाही. म्हणून इतिहास घेताना वडिलांपेक्षा मामा आणि आईचे वडील यांच्याविषयी विचारावे. जन्मजात दोषावर उपचार नाही, आणि रंगीत भिंगांच्या चष्म्याने दृष्टी प्राकृत होत नाही. तपासणी दिवसाच्या उजेडात, पुस्तकावरच करावी; मोबाइलच्या पडद्यावर रंग बदलतात. प्रत्येक तक्त्यास तीन सेकंद पुरतात.

इंजिनचालकासाठी रेल्वेची ए-१ श्रेणी लागते: चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी ६/६ आणि रंगदृष्टी निर्दोष. सैन्यदलांतील वैमानिकासही रंगदृष्टीची अट आहे. परंतु येथेच आपली जबाबदारी दुहेरी होते, कारण अर्धवट माहितीने नसलेली दारेही बंद केली जातात. रंगांध विद्यार्थ्यास एमबीबीएस करता येत नाही असे आपल्यापैकी काहीजण आजही सांगतात. त्रिपुरातील प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा प्रवेश मान्य केला आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रमही २०२२ च्या निकालाने अशा विद्यार्थ्यांना खुले झाले. सौम्य व मध्यम दोष असलेल्यांना वाहन चालविण्याचा परवाना देण्याची तरतूद २०२० मध्ये झाली.

माझ्या मते ही तपासणी नववीत, विषयनिवडीपूर्वी व्हावी. त्याच वेळी दृष्टी व हिमोग्लोबिन पाहावे आणि झोपेची चौकशी करावी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते, आणि पौगंडावस्थेत झोप येण्याची वेळच पुढे सरकते. पहाटे चारला उठवून शिकवणीस धाडणे हा शरीराशी मांडलेला तंटा आहे. पाच मिनिटे तरी पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलावे. मरणाचे विचार मनात येतात का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लिहून ठेवण्यास खर्च नाही.

मी स्वतः त्या दिवशी चुकलो. शिबिराच्या गर्दीत, आईदेखत, "तुला रेल्वेत घेणार नाहीत" एवढेच सांगून पुढचे नाव पुकारले. सतराव्या वर्षी स्वप्न गमावणे हा शोकच असतो, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून उशिरा उमगले. सायंकाळी त्याला जहाज महालाच्या तलावाकाठी शोधून काढले आणि तासभर बोललो. त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली; आता पीथमपूरच्या एका कारखान्यात भांडार विभागात आहे.

पुढील शिबिरात तो धाकट्या भावाला घेऊन आला. त्याने सर्व तक्ते बिनचूक वाचले. त्याला रेल्वेत मुळीच रस नाही.